शहाणपणाची बिस्किटं

प्रिय भांडकुदळ,

पाकिटावर तुझं नवं नाव घातलंय, पोस्टमनचा गोंधळ नको म्हणून. आत मात्र जुनंच. घरात दोन फोन पडलेले असताना म्हातारी कागद का काळे करतेय, असं तुझा बाप विचारून गेला. त्याला म्हटलं, फोनवर माणूस कानाने माझं ऐकतं आणि हाताने भाजी ढवळतं. पत्र वाचायला बसावं लागतं. अक्षराला हसू नकोस. मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून.

तुझा फौजदार जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू मधलं सगळं सोडून शेवटाकडे उडी मारशील. पण दीड महिन्यापूर्वी त्याचं काही खरं नव्हतं. सकाळी उठायला गेला तर मागचे दोन पाय फरशीवर दोन दिशांना गेले आणि तो बेडकासारखा पसरला. तुझा बाप म्हणाला, आई, बारा वर्षांचं झालं कुत्रं, आता त्याचे हाल नकोत, सुई देऊन मोकळं करू. मी म्हटलं, तुझं कंबरेचं रडगाणं मी रोज ऐकते, तुला कुठे सुई देते? तोंडाने बोलले, पण आतून चरकलेच. म्हणून तर तुला फोन केला. तू म्हणालीस, तुला योग्य वाटेल तसं कर आजी, आणि ठेवलास. मी तुझ्या बापाला म्हटलं, बघ, पोर किती शहाणी झाली.

या शहाण्या शब्दाने माझी कशी फजिती केली ते आता ऐक.

तू लग्न होऊन गेलीस आणि काही दिवसांनी फौजदार सुधारला. खरंच सुधारला. बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा प्राणी, नुसती मान उचलून बघायला लागला. सोफ्यावर चढणं बंद. रात्री अकरा पायऱ्या चढून तुझ्या खोलीच्या दाराशी झोपायचा, तेही बंद. जिन्याच्या तळाशी बसून वर बघायचा आणि तिथेच मुटकुळं करायचा. मला वाटलं, वर कोणी नाही हे याला उमगलं. फिरायला नेलं तर दोरीला ओढ नाही, माझ्या पावलाला पाऊल. बारा वर्षं सगळ्या गल्लीने त्याच्या नावाने बोटं मोडली, त्या सगळ्यांना मी थांबवून थांबवून दाखवला. म्हटलं बघा, वय झालं की कुत्रंसुद्धा शहाणं होतं, तुम्ही कधी होणार? आणि शहाण्यासारखं वागतो म्हणून रोज संध्याकाळी दोन बिस्किटं द्यायची. एकदा तेवढा तुझ्या बापावर दात काढून धावला, पाठीवर थोपटलं म्हणून. त्याचंही मी कौतुकच केलं.

जनावरांची डॉक्टरीण तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. त्याला टेबलावर घेतलंच नाही. बाह्या दुमडून सरळ फरशीवर बसली. म्हणाली, टेबलावर चढवलं की सगळे घाबरतात आणि दुखणं गिळून उभे राहतात. त्याला दवाखान्याच्या बोळातून चालवून बघितलं, पाय हातात घेऊन सावकाश मागेपुढे केले. मी म्हटलं, बाई, दुखत असतं तर ओरडला नसता का? घसा काय लहान आहे त्याचा? तर म्हणते, आजी, कुत्रं दुखण्याने क्वचित ओरडतं. ते फक्त वागायचं बदलतं. मला एवढंच सांगा, हा पूर्वी काय काय करायचा जे आता करत नाही?

मी मोठ्या ऐटीत सगळं शहाणपण वाचून दाखवलं. बेल, सोफा, जिना, दोरी. ती एकेक लिहून घेत होती आणि मला वाटत होतं, शाबासकीच लिहितेय. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, ही सगळी दुखण्याची लक्षणं आहेत. डावा खुबा झिजलाय. संधिवात. चार-सहा महिने तरी तो हे सोसतोय.

म्हणजे मी चार महिने त्याच्या दुखण्याला बिस्किटं चारली. वरून त्या बिस्किटांनी वजन वाढलं, ते त्याच खुब्यावर बसलं. अशी मी शहाणी.

घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर टेप काढला. तोच, ज्याने मागच्या खेपेला तुझा निळा ड्रेस मापला होता आणि कमरेत दोन बोटं आत घेतला होता. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, माणूस कुठल्या अंगाला झुकतो हे मला त्याने दारात पाऊल टाकलं की कळतं. आणि घरातला कुत्रा कळला नाही. दोन्ही मांड्यांचा घेर घेतला. डावी पाऊण इंच कमी! ज्या पायावर भार द्यायची भीती वाटते तो पाय सुकत जातो, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. माझ्या टेपचं तिने एवढं कौतुक केलं, की तुझा बाप दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता.

मग मला त्या कुत्र्याचा नादच लागला. दिवसभर त्याच्या मागे. जे बारा वर्षं दिसलं नव्हतं ते एकेक दिसायला लागलं. झोपेतून उठल्यावर पहिली दहा पावलं तो लाकडासारखा टाकतो, मग तेल घातल्यासारखा मोकळा होतो. बसतो तेव्हा डावा पाय बाजूला सोडून बसतो. सगळा भार पुढच्या पायांवर, म्हणून छाती रुंद आणि मागचं अंग उतरलेलं. पुढून पैलवान, मागून पेन्शनर. चालताना मागची नखं फरशीला खर्र खर्र घासतात. तो आवाज मी किती दिवस ऐकत होते, मला वाटायचं नखं वाढलीत. खुब्यावरची एकच जागा चाटून चाटून तिथले केस तांबूस झालेत. मी कॅलेंडर भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतलं. चांगला दिवस गेला की गोल, वाईट गेला की फुली. लिहिणं-वाचणं कमी असलं की खुणा बऱ्या पडतात. पहिला आठवडा सगळा फुल्यांचा.

डॉक्टरीणबाईने सहा आठवडे मागितले. म्हणाली, एवढ्यात फुल्या कमी झाल्या नाहीत, तो आपला आपण उठेना, खाईना, तर मग तुमचा मुलगा म्हणतो त्या सुईचा विचार करू, आधी नाही. रक्त तपासलं, कुत्र्यांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या, भरल्या पोटी द्यायच्या. मी आधीच माझी गुडघ्याची अर्धी गोळी त्याला द्यायला काढून ठेवली होती. ते ऐकून जी काय भडकली म्हणतेस! माणसाच्या गोळीने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. दहा मिनिटं बोलणी खाल्ली. इतक्या वर्षांत मला कोणी एवढं झापलं नव्हतं, म्हणजे तू सोडून. बाई मला आवडली.

बिस्किटं बंद. तुझा बाप दर रविवारी त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, मग वजाबाकी करतो आणि तीसुद्धा चुकतो. अडीच किलो उतरलंय, कोणाचं ते देव जाणे. जुन्या सतरंज्या कापून पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत वाट केली, पाय सरकू नयेत म्हणून. लांब फिरणं एकदा होतं, ते तोडून थोडं थोडं तीनदा केलं. थंडीच्या सकाळी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खुब्यावर धरते, आधी माझ्या मनगटावर बघून. आणि एक पट्टा शिवला, जाड पलंगपोसाचा, आतून मऊ अस्तर. तो पोटाखालून घ्यायचा आणि वरून दोन्ही टोकं धरायची. पायऱ्या तोच चढतो, मी फक्त त्याचा थोडा भार घेते. उचलायचं नाही, बरं का. उचललं की त्याला अपमान वाटतो आणि पायही आळशी होतो.

काल सहावा आठवडा संपला. सकाळी बेल वाजली आणि फौजदार असा भुंकला की माझ्या हातातला चहा सांडला. पुसायला वाकले तर माझी डावी चप्पल घेऊन पळाला. पळाला म्हणजे लंगडत, पण पळाला. मी त्याला ठेवणीतल्या चार शिव्या घातल्या आणि कॅलेंडरवर एवढा मोठा गोल काढला की शेजारची तारीख झाकली गेली. टेप पुन्हा लावला, फरक अर्ध्या इंचावर आलाय. खुबा काही नवा होणार नाही, गोळ्या जन्माच्या. पण सुईचा विषय तुझ्या बापाने स्वतःच बंद केला.

आता तू म्हणशील, एवढं फोनवर सांगता आलं असतं. आलं असतं. पण परवा तुझ्या सासूचा फोन आला. म्हणाल्या, तुमची नात फार शहाणी हो, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही. पूर्वीची मी असते तर तुलाही बिस्किटं पाठवली असती. फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईचा प्रश्न आठवला, पूर्वी काय करायची जे आता करत नाही? बसून यादी केली. माझ्या बोलण्यात चुका काढत नाहीस. मध्येच फोन आपटत नाहीस. तुझ्या आवाजाने भांडी वाजायची, आता मलाच म्हणावं लागतं, जरा मोठ्याने बोल. या फौजदारासाठी लहानपणी दोन दिवस उपाशी राहिलीस, आणि त्याच्या सुईचं विचारलं तर म्हणालीस, तुला योग्य वाटेल तसं कर. आणि कमरेतली ती दोन बोटं, जी मी आत घेतली आणि म्हटलं, छान बारीक झालीस. कोणाला दोष देत नाही, मला काही माहीत नाही. दुखतंय एवढं दिसतंय, कुठे ते तू सांगायचं. लिहायला जड जात असेल तर लिहू नकोस. सोबत कॅलेंडरचं एक पान घातलंय आणि आपला पत्ता घातलेलं पाकीट. पंधरा दिवस नुसते गोल आणि फुल्या काढ आणि पाठवून दे. फुल्या जास्त झाल्या तर मी येते, पट्टा घेऊन. उचलणार नाही तुला. पायऱ्या तूच चढशील, मी फक्त भार घेईन. आणि हे वाचून राग आला असेल, तर लगेच फोन करून भांड. मी इथे गोल काढायला पेन्सिल घेऊन बसलेय.

तुझ्याशी भांडायला अजून धडधाकट असलेली,
तुझीच आजी