कोचावरून न उठलेल्या नणंदेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, व्यवसाय जुन्या खुर्च्या-कोचांना जुन्याच कापडाचे नवे रूप देणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी वकिलांना सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही की मला कोणी फूस लावलेली नाही. मी रागात आहे, हे मात्र खरे. वकील म्हणाले, "राग कागदावर नको, बाई. कोर्टात उलटतो." मी म्हटले, "राग आला म्हणजे अक्कल गेली, असं कायद्यात कुठं लिहिलंय ते दाखवा." त्यांनी पुढचे सांगा म्हटले.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे माझ्या एकुलत्या एका मुलाच्या नावे होते. का रद्द केले ते पुढे येईल. ते वाचले जात असताना त्याने उठून जाऊ नये.

कलम २. घर. माझे यजमान कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. ते गेले तेव्हा मुलगा शाळेत होता आणि आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. त्यांचा जाड लोकरीचा ओव्हरकोट खुंटीवर तसाच राहिला. कोणाला देववेना आणि बघवतही नव्हता. शेवटी मी तो उसवला आणि जुन्या बाजारातून आणलेल्या एका मोडक्या आरामखुर्चीवर चढवला. खिसा तसाच ठेवला, हाताच्या बाजूला, चष्म्यासाठी. शेजारच्या शिक्षिकेने बघितले आणि म्हणाली, "मलाही अशी एक करून द्या." तिथून धंदा सुरू झाला. लोकांनी टाकलेले पडदे, गणवेश, हॉटेलांच्या चादरी, छत्र्यांचे कापड मी गोळा करत गेले. काथ्या भरणे, पट्टे ताणणे, स्प्रिंगा बांधणे, सगळे बोटे फोडून घेत शिकले. त्यातून हे घर उभे राहिले. यात कोणाच्या बापजाद्यांची वीट नाही. हे घर, पुढच्या खोलीतल्या दुकानासह, मी माझ्या धाकट्या नणंदेला पूर्ण मालकीने देते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चिरंजीवांनी तिथे राहावे की नाही, हे ती ठरवेल.

कलम ३. हे ऐकून नातेवाईक तोंडात बोटे घालतील, कारण आमचे दोघींचे विळ्या-भोपळ्याचे सख्य सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाई गेल्यावर त्यांच्या खोलीतला जांभळा मखमली पडदा मी काढला आणि एका कोचावर चढवला. कपाटात कसर लागण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटले. नणंद म्हणाली, "वहिनी, माझ्या आईच्या पडद्यावर आता येणारे-जाणारे बसणार?" मी म्हटले, "पडदा आहे, देव नाही." त्या कोचाला कधी अंग लावणार नाही अशी शपथ घेऊन तिने माझ्याशी बोलणे टाकले. मीही कमी नव्हते. एका घरात राहिलो, एका चुलीवरचे जेवलो आणि "मीठ सरकव" हेसुद्धा मुलामार्फत सांगत आलो.

कलम ४. गेल्या वर्षी माझे खुब्याचे हाड मोडले. मी इस्पितळात असताना चिरंजीवांनी टेम्पो बोलावला आणि घरातले माझ्या हातचे सगळे सामान जुन्या बाजारात धाडले. लोक सुनेला बोल लावतील. लावू नका. "आईंना विचारलंत ना?" असे तिने त्याला विचारले होते. तो म्हणाला, "विचारलं." मला कोणी विचारले नव्हते. त्याला साहेबांना घरी जेवायला बोलवायचे होते आणि साहेबांना चिंध्यांवर कसे बसवणार? चिंध्या हा शब्द त्याचा. त्याच्याच शाळेच्या राखाडी गणवेशाचे तुकडे जोडून केलेली दोन स्टुले गेली. बापाच्या कोटाची खुर्ची गेली.

शेवटी मखमली कोच उचलायला हमाल वाकले, तेव्हा नणंद आतून आली आणि त्यावर बसली. पुढचे मला सुनेने सांगितले.

"आत्या, ऊठ. नवा सोफा येतोय."

"येऊ दे."

"तू तर यावर कधी बसत नाहीस."

"आज बसलेय."

"माणसं खोळंबलीत गं."

"मग मला धरून टेम्पोत घाला. कोचासकट."

हमालांनी हात मागे घेतले. टेम्पो गेला तरी ती उठली नाही. कोणाचा भरवसा नको म्हणून जेवण तिथेच, झोप तिथेच. मी वॉकर टेकत घरात आले, तेव्हा खोलीच्या मधोमध पांढरा सोफा, त्याचे प्लास्टिकही न काढलेले. आणि भिंतीशी ती, पाय वर घेऊन.

"बाकीचं नाही वाचवता आलं, वहिनी," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. रडू आले नाही. संताप आला, आणि तो दोघींना पुरून उरला.

कलम ५. आम्ही दोघी रिक्षा करून जुन्या बाजारात गेलो. व्यापारी म्हणाला, "लाकूड गेलं, बाई. कापड फाडून शेकोटीत घातलं. असलं कोण घेतं?" घरी येऊन मी ते मुलाला सांगितले. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "जुन्या कपड्यांचं किती ते कौतुक, आई. नवं घेऊन दिलं ना?" म्हणून कलम सहा.

कलम ६. माझ्या मुलास मी पांढरा सोफा देते, प्लास्टिकसकट. उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो आणि उठताना आवाज करतो, हे साहेबांना आधी सांगून ठेवावे. याखेरीज त्याला काही नाही. त्याला दावा करायचा असेल तर खुशाल करावा. कोर्टातली बाकडी फार टणक असतात असे ऐकते.

कलम ७. शिवणयंत्र, कात्र्या, हातोडी आणि वाकड्या सुया सुनेला. हल्ली ती दुपारी खाली येऊन शिकते. आधी टाके उसवताना कापड फाडायची, आता फाडत नाही. दुकान नणंदेचे, हत्यारे सुनेची. दोघींनी जरूर भांडावे, पण बोलणे टाकू नये. त्यात फार वर्षे जातात.

कलम ८. बँकेतली शिल्लक नणंदेच्या औषधपाण्यासाठी. थोरल्या दिरांना काही नाही. भरल्या घरात ते मला चिंध्यावाली म्हणाले आणि वर माझीच एक खुर्ची घेऊन गेले. ती परत आणावी.

कलम ९. नणंद माझ्या आधी गेली तर काय, याचे उत्तर कायद्याला लागते. तसे झाल्यास सर्व काही सुनेला. पण त्याच्या वर असे लिहा, मी वकिलांना सांगितले, की तिने माझ्या आधी जाऊ नये. ते म्हणाले, "बाई, याला कायदेशीर अर्थ नाही." दबावाचा आळ नको म्हणून त्यांनी तिला स्वयंपाकघरात बसवले होते. तिथून आवाज आला, "लिहून घ्या हो. पाळीन मी."

लिहून घेतले आहे.

सर्व मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्दही मवाळ न करता, साक्षीदारांसमोर सही करते.

सही: (चिंध्यावाली म्हणतात ती)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च