गणपूर्ती

७ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आणि खोकला कसा आहे ते या वेळी खरं कळवावं, हीही विनंती.

सभागृहाच्या सचिवालयात आता मला विधेयक शाखेत बसवलं आहे. कोणतं विधेयक कुठवर आलं, एवढं पाहायचं. परवा एक आलं, ते मी दोनदा वाचलं. फरशीच्या कारखान्यात ज्यांच्या छातीत धूळ बसली, त्यांना मालकानं धुळीबाहेरचं काम दिलंच पाहिजे, असं ते विधेयक आहे. मंत्र्यांचं नव्हे, एका साध्या सदस्यबाईंचं. अशी विधेयकं शुक्रवारी दुपारी घेतात, तीही चिठ्ठी निघाली तर. बाईंची चिठ्ठी निघाली. विधेयक मांडलं गेलं आणि कोणीही विरोध केला नाही.

आमचे शाखाप्रमुख म्हणाले की हुरळून जाऊ नकोस, मांडताना विरोध न करण्याचा रिवाजच आहे. मी मात्र हुरळले आहे. कॉलेजात इतकी वर्षं काय शिकतेस, असं आई विचारायची. तिला हे पत्र वाचून दाखवा.

लोभ आहे तेवढा पुरे, खोकला तेवढा कमी करा.
तुमची,
टिटवी

१९ जानेवारी

चि. टिटवीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत घासणी खात्यात मोठ्यानं वाचलं. मधे खोकल्यानं दोनदा थांबलो, म्हणून पुढचं शेजारच्या मशीनवरच्या लंबूनं वाचलं. सगळ्यांनी तुला शाबासकी सांगितली आहे.

साहेबांनी मला फाटकावरची नोकरी देऊ केली होती. जागा एकच. ती मी लंबूला द्यायला लावली. वयानं लहान, पण त्याला जिना चढवत नाही, आणि घरात दोन लेकरं. तुझा कायदा झालाच आहे, तर मलाही आज ना उद्या धुळीतून बाहेर काढावं लागेल. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला म्हटलं, पोरगी तिथं काय माशा मारायला बसली आहे?

जेवत जा. ओरडत राहा, म्हणजे आहेस हे कळतं.
तुझे बाबा

२४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. हे पत्र आधी एकट्यानं वाचा.

मांडलं म्हणजे कायदा झाला नव्हे. आता चर्चा, मग मतदान, मग दुसरं सभागृह, त्यानंतर सही. साहेबांना भेटून दुसरं काही हलकं काम मिळतं का, ते आजच पाहा. तोवर तोंडाला फडकं बांधत जा.

तरी आशा आहे. येत्या शुक्रवारी मतदान व्हायचं आहे. कामकाजाला एक दशांश सदस्य हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. शुक्रवारी दुपारी तेवढे कधीच नसतात, पण कोणी बोट दाखवलं नाही तर ती आहे असंच धरून चालतात. आणि शुक्रवारी बोट दाखवायचं नाही, असा सगळ्या पक्षांचा जुना समझोता आहे.

रागावलात तरी चालेल, पण ऐका.
टिटवी

२९ जानेवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

दुसरं काम नाही म्हणतात. आणि दिलेली जागा मागायला तोंड कुठलं आणू? लंबू आता पाळीची घंटा वाजवतो, इतकी जोरात की मेलेला उठावा. खात्यात मी अजून काही सांगितलेलं नाही. शुक्रवारचं लगेच कळव.
बाबा

६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाई छान बोलल्या. अध्यक्ष विधेयक मताला टाकणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक सदस्य उठले आणि गणपूर्ती नाही म्हणाले. धुळीच्या कायद्याविरुद्ध हात वर केलेला दिसणं कोणालाच नको होतं, त्यापेक्षा हे सोपं. एकदा बोट दाखवल्यावर अध्यक्षांचाही इलाज नव्हता.

सदस्यांना बोलवायला घंटा वाजवतात. ती वाजत होती तेव्हा मी कागद घेऊन लॉबीत होते. तिथं पुरेसे सदस्य चहा पीत उभे होते. आमचा शिपाई दार उघडून धरून होता. त्यांच्यातलं कोणी आत आलं नाही. एकानं मला बाजूला बोलावून कपात साखर कमी असल्याचं सांगितलं.

सभा तहकूब झाली. आता निवडणूक जाहीर झाली आहे आणि सभागृह विसर्जितही झालं. तसं झालं की अर्धवट राहिलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे संपतात. बाईंना पुन्हा निवडून यावं लागेल, पुन्हा मांडावं लागेल, पुन्हा चिठ्ठी निघावी लागेल. ‘व्यपगत’ हा शब्द आज मीच त्या विधेयकासमोर लिहिला.

मी पहिलं पत्र इतक्या आनंदानं लिहायला नको होतं. काय मागू तुमच्याकडे, कळत नाही.
टिटवी

१६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आत्याचे आशीर्वाद. अक्षर माझं आहे म्हणून घाबरू नकोस, पण मिळेल त्या गाडीनं ये.

तुझं पत्र दादानं खात्यात वाचून दाखवलं. कोणी तुला बोल लावला नाही. दादा म्हणाला, पोरीनं कळवलं तरी, बाकी कोण कळवतं. दुसऱ्या दिवशी मशीनजवळच तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. डॉक्टर आता आशा दाखवत नाहीत. वहिनी उशाशी बसून असते.

बोलताना धाप लागते, तरी मला म्हणाला, एवढं टिटवीला लिहीच: मी बसलो तेव्हा घंटा कोणीच वाजवली नव्हती. सगळं खातं मशीनं सोडून आलं, फाटक उघडं टाकून लंबूसुद्धा आला.

दादा तुझी वाट पाहतो आहे.
आत्या