गुडघाभर पाणी

६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी सोडून. आई सध्या हवेत आहे. तू तिला पत्रात काय लिहिलंस ते मला शेजारच्या शिंपीणकाकूंकडून कळलं. जिन्यात अडवून त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणे, भाचीसाठी तळ्यात उडी टाकणारे मामा हल्ली मिळतात कुठे! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ताई, असं का लिहिलंस गं?

उडी तू टाकलीस. मी काठावर उभा होतो. भिंगरीने कमळाच्या त्या परातीएवढ्या पानावर पाय ठेवला, पान बुडालं आणि पोरगी दिसेनाशी झाली. पाणी काळंशार, मधली ती दगडी बाई गळ्यापर्यंत पाण्यात. मला पोहता येत नाही. तेव्हा मनात पहिलं काय आलं माहीत आहे? आपण मरू. भाची नाही गं, आपण! मग मी नुसता बोंबलत राहिलो. तू चपलांसकट आत गेलीस, तर पाणी तुझ्या गुडघ्याला लागलं. लोक हसले. मीही हसलो, ही तर हद्दच झाली.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तरी असावा.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, खरं लिहिलं असतं तर आईने तुला जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून एक थाप मारली. त्यात एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय करतोस?

तुझे भाऊजी रोज त्या तळ्यात उतरून वाळकी पानं काढतात. ते म्हणाले, तुझी काही चूक नाही. पाण्यात काळा रंग ते स्वतःच मिसळतात, तळाच्या कुंड्या दिसू नयेत आणि मूर्तीचं प्रतिबिंब छान पडावं म्हणून. त्या बाईला तर खांद्याखाली अंगच नाही. शिल्पकाराने तेवढीच घडवली आणि लोखंडी तिवईवर बसवली. नवीन येणारा प्रत्येक जण फसतो.

आता माझंही ऐक. बागेतली माणसं मला वाघीण म्हणायला लागली आहेत. कसली डोंबलाची वाघीण! माळ्याची बायको मी, पाणी किती आहे ते मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर गेले असते का? हो म्हणावंसं वाटतं, पण शपथ घ्यायची म्हटली की जीभ अडते. आणि मी तिची आई आहे रे. तेव्हा लाज काही तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेली नाही.

रविवारी ये. लोभ आहे तसाच आहे, विचारत बसू नकोस.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींनी समजूत घातली, तीच मला जास्त बोचतेय. पाणी खोल आहे असं मी धरून चाललो आणि तसं धरूनच थांबलो. ते गुडघाभर निघालं हे नशीब, माझं पुण्य नव्हे.

काल आईला सगळं सांगितलं. काकूही बसल्या होत्या. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. काकू चहा अर्धा टाकून उठल्या. आई उठली. दार लावून आली आणि हळूच म्हणाली, आता आणखी कुणाला सांगू नकोस. बस, एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं गं.

रविवारी येत नाही. भिंगरीला कुठलं तोंड दाखवू? तिला थाप मारूनही भागायचं नाही. पाण्यातून वर आली तेव्हा तिने मला काठावर बघितलंय.

तिला माझा पापा दे. जमलं तर लोभ ठेव.

धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बघितलंय, खरं आहे. काल विचारत होती, मामाला पाण्याची भीती वाटते का. मी म्हटलं, हो, फार. बाईसाहेब जेवता जेवता थांबल्या, विचारात पडल्या आणि ठरवून मोकळ्या झाल्या. आता बागेत गेलं की तळ्याच्या बाजूने ती चालणार, मामाने आतल्या बाजूने चालायचं, आणि तिचा हात अजिबात सोडायचा नाही.

यापुढे मी काय लिहू? ये.

ताई