सातव्या टोपलीची वाट

१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात, हे आईकडून कळलं. चकत्यांच्या खेळासाठी मी आखलेल्या रानात काल सातव्या टोपलीपाशी गेले. तिथे तीन झाडं होती. फीत बांधलेली दोन राखायची होती, बिनफितीचं वाकडं पाडायचं होतं. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

फितीचा अर्थ नकाशाच्या कोपऱ्यात लिहिला होता. पण लाकूडतोडीच्या कामात जन्मभर तुम्ही फीत बांधलेलीच झाडं पाडत आलात, हे तुमच्या घरात वाढून मी विसरले. निम्मी चूक माझी.

चकत्या फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकण्यात कसली मजा, असं तुम्ही विचारलं होतंत. मोकळ्या मैदानात दंडात जोर असेल तो जिंकतो. रानात नेम लागतो. मात्र चांगली फेक झाडांतून सुटली पाहिजे आणि वाईट अडली पाहिजे. सगळं नशिबावर सोडलं, तर माणूस पुन्हा येत नाही. म्हणून सातवीला मी चार मीटर रुंद अशी एकच सरळ वाट आखली होती. आता तिच्या मधोमध वाकडं झाड आहे आणि डावीकडे भगदाड.

२३ तारखेला या खेळाच्या क्लबची माणसं इथे खेळून पाहतील. पसंत पडलं तरच टेकडीवरच्या मैदानाचं काम मला मिळेल. तोवर काही पाडायला येऊ नये, ही विनंती.

आपली,
मुलगी

१६ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं आणि पोटभर हसली. कागद वाचत जा, असं ती चाळीस वर्षं सांगते आहे म्हणे. चुकलो, पोरी. पाडलेलं झाड काही उभं करता येत नाही.

पण एक सांगतो. लहानपणी शाळेत जाताना ओढ्यापाशी तू रोज थांबायचीस. दगडांवरून उड्या मारल्या की लवकर, पण पाय भिजायची भीती. पुलावरून लांब, पण कोरडं. उशीर त्या थांबण्यानेच व्हायचा आणि चेहरा तेव्हाच खुललेला असायचा. त्या झाडाला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंनी फेकून बघ. तुला मोजायला आवडतंच.

तुझा,
कागद न वाचणारा बाप

२४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी मोजलं. उजवीकडच्या अरुंद वाटेने पन्नास फेकी: एकवीस टोपलीजवळ, तेरा झाडीत. डावीकडून पन्नास: नऊ टोपलीजवळ, झाडीत दोनच. म्हणजे उजवीकडे ओढ्यातले दगड, डावीकडे पूल. वाकडं झाड ठेवलं.

काल क्लबच्या अध्यक्षबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. सहा टोपल्या भराभर खेळल्या. सातवीला चकती घेऊन थांबल्या. डावीकडे वळल्या, परत आल्या, उजवीकडून फेकली. चकती खाडकन वाकड्या झाडावर आदळली. बाई हसल्या आणि म्हणाल्या की हे मोजायचं नाही, पुन्हा फेकणार. तीनदा फेकली.

मग त्यांनी विचारलं की हे झाड ठेवायचं कुणाला सुचलं. मी खरं ते सांगितलं: माझे वडील तीस वर्षं झाडं पाडत होते, त्यांनी माझा नकाशा उलटा वाचला आणि तेच बरोबर निघालं. हे सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, असं सोबत असलेले सहकारी म्हणतात. मी मोजला नाही.

टेकडीचं काम मिळालं. १ तारखेला या, चष्मा घेऊन. वाकड्या झाडाला मी फीत बांधली आहे. माझ्या अर्थाने.

लोभ आहेच, तो मोजायला लावू नये.

आपली,
मोजपट्टी