सूनबाईची रजा

३ फेब्रुवारी
चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.
दवाखान्यातली तुझी पाळी संपली की निवांत वाच आणि फाडून टाक. सूनबाईचं लक्षण मला ठीक दिसत नाही. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासते, पण दर महिन्याला दोन-तीन दिवस डोकेदुखीची रजा काढते. मी शिवणवर्गाहून येते तो पडदे ओढलेले, अख्खा पाव फस्त, बिस्किटांचा डबा रिकामा. जेवायला मात्र भूक नाही म्हणते. एकटी बाई एवढं खाईल? दुपारी घरात कोणीतरी येतं, असा माझा दाट संशय आहे. वर तुझ्या भावालाच दहादा फोन करून कुठे आहेस म्हणून विचारते! त्याला बोलले, तर माझ्यावरच खेकसला.
तुझी माया आहेच, ती राहू दे.
आई

११ फेब्रुवारी
ती. आईस सा. न. वि. वि.
पत्र फाडलं नाही, दोनदा वाचलं. पाळत ठेवणं तुला शोभत नाही. ठेवणारच असशील तर हे कुठल्या तारखांना होतं आणि तिची पाळी कधी येते, एवढं लिहून ठेव. अशा बायका मी रोज बघते. आणि परक्या पुरुषाचा शोध लावण्याआधी तिच्याशी दोन शब्द बोल.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
थोरली

१९ एप्रिल
वन्संना नमस्कार.
आईंच्या कपाटात वही सापडली. माझ्या रजा, माझं खाणं, माझी पाळीसुद्धा! आत तुमचं पत्र. मला घराबाहेर काढायला पुरावे जमवताय का? घरात कोणी येत नाही. पाळीआधीचा आठवडा मी माझी राहत नाही. छाती धडधडते, हे मला सोडून जातील असं वाटतं. मग गोड काहीतरी तोंडात कोंबत राहते, थांबताच येत नाही. नंतर स्वतःचीच किळस येते, म्हणून ताटावर बसवत नाही. पाळी आली की एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. तुमच्या मनात काय आहे, सरळ कळवा.
लोभ मागू की नको, कळत नाही.
तुमची वहिनी

२ जून
चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.
तुझा फोन आला म्हणून सूनबाई डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार झाली. वही मीच पुढे केली, माझी मान वर होत नव्हती. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, नाटक नव्हे. औषध दिलंय, थोडं थोडं पण वेळेवर खायला सांगितलंय. गेल्या महिन्यात रजा एकच झाली. पण मी स्वयंपाकघरात शिरले की ती अजून ताट झाकते. तिचं काय चुकलं?
एक गोष्ट तुलाही ठाऊक नाही. तुम्ही लहान असताना महिन्यातले चार दिवस तुम्हाला शेजारी सोडायचे, ते शिवणासाठी नव्हे. दार लावून मी साखर खात रडत बसायचे. तुझे बाबा कामावरून अवचित यायचे आणि पलंगाखाली वाकून बघायचे. परवा हे सूनबाईला सांगितलं. तिच्या पलंगाखाली मीही वाकले होते, तेही सांगितलं. तिने विचारलं, आई, हे तुम्ही तेव्हा कोणाला सांगितलंत? मी म्हटलं, आत्ता तुला.
दोघींवरही जीव असू दे.
आई