विहिरींच्या पुस्तकाची कापलेली कड

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
मंगळवार, दुपार

आदरणीय भिवादादा यांस,
पुंजारामचा मनापासून जय भीम.

पहिलं तुमच्या गुडघ्याचं सांगा. उजवा ताळ्यावर आला तर आता डावा रुसून बसलाय, असं शालू सूनबाई फोनवर सांगत होती. नंदावहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? त्यांना म्हणावं, डॉक्टरनं महिनाभर चुलीपुढं बसू नका सांगितलंय म्हणजे महिनाभर. तीन दिवसांनी "बघते जरा" म्हणून बसायचं नाही. शालूची पाठ कशी आहे? अक्षताचा खोकला गेला का? आणि तुमच्या तांबड्या गाईनं मागं प्लास्टिकची पिशवी खाल्ली होती, ती बाहेर पडली की अजून आतच आहे?

इकडं प्रभावती ठीक आहे. तिचं बीपी गोळी घेतली की बराबर राहतं, अन् माझ्याशी बोललं की वाढतं. माझं म्हणाल तर अंगात रोग नाही, पण गेले बारा दिवस फोन वाजला की मी तो उशीखाली सारतो. पोस्टमन गल्लीत दिसला तर मी न्हाणीत जाऊन बसतो. काल तर दारावर भंगारवाला ओरडला आणि मी आतून कडी घातली. कारण सांगतो. लांबण लागेल, पण तुम्ही रिटायर माणूस, गुडघ्यामुळं पळूनही जाऊ शकत नाही.

तीस वर्षं विहिरी बांधून झाल्यावर मी बाहेरून बी. ए. केलं आणि आता सदुसष्टाव्या वर्षी एम. ए.ला बसलोय, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. मी विषय घेतला तालुक्यातल्या जुन्या विहिरी आणि पाण्याचा हक्क. म्हणजे कोणत्या विहिरीत कोण दोर सोडायचं, आणि कोण घागर खाली ठेवून बाजूला उभं राहायचं. (विहिरीचा दगड मी हातानं ओळखतो. पण दगड बोलत नाही, आणि परीक्षकाला कागद लागतो.)

आता कॉलेज इथून अडीचशे किलोमीटर. त्याचं फाटक मी अजून पाहिलं नाही. पण बाहेरून शिकणाऱ्याला त्यांची सगळी लायब्ररी फोनवर उघडून मिळते. एक नंबर देतात, एक पासवर्ड. आत शिरताना फोन विचारतो, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. मग नऊ चित्रं दाखवतो आणि म्हणतो, सिग्नलचे दिवे असलेली निवडा. आपल्या टेंभुर्णीत सिग्नल कुठं आलाय? मी तीनदा चुकलो. तिसऱ्यांदा दार बंद झालं आणि मला घाम फुटला, की आता हे लोक मला माणूस धरतात की नाही. आपल्या आजोबांनाही हाच पुरावा मागत होते म्हणा, पण निदान चित्रं दाखवून नाही.

आत गेल्यावर "ग्रंथपालांना विचारा" अशी एक खिडकी असते. तिथं लिहिलं की पलीकडून माणूस उत्तर देतो. अनोळखी माणसाकडं एकदम काम कसं काढायचं? मी आपला रीतीनं जय भीम लिहिला, तिकडं पाऊसपाणी कसं आहे, घरी आईवडील बरे आहेत का, एवढं एका बोटानं लिहीपर्यंत खिडकी म्हणाली, दहा मिनिटांत प्रश्न न आल्यानं संवाद बंद करण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, मी काहीतरी वावगं विचारलं. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली की आधी पलीकडूनच आलं, "काका, आम्ही सगळे बरे आहोत, पाऊस बेताचा आहे, आता पुस्तकाचं नाव सांगा."

ह्या शीतल मॅडम. दादा, पोरगी सोन्यासारखी आहे. तिनं मला जुने लेख पाठवले, अहवालांची पानं स्कॅन करून पाठवली, तळटीप कशी द्यायची ते फोनवर शिकवलं. आणि एक दिवस म्हणाली, निजामाच्या अमलातली तुमच्या भागातल्या विहिरींची एक छापील यादी आमच्याकडे आहे. एकच प्रत. छपाई मराठी, पण कचेरीतल्या कुण्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, समासात शाईनं उर्दूत टिपा लिहिल्यात. त्या इथं कुणाला वाचता येत नाहीत, स्कॅनमध्येही उठत नाहीत, तुमच्याकडं कुणी वाचणारं भेटतंय का बघा. हे पुस्तक इमारतीबाहेर जात नाही. तरी तिनं स्वतःच्या सहीनं ते महिनाभरासाठी पोस्टानं माझ्याकडं पाठवलं. "जपा," एवढंच म्हणाली.

पुस्तक आलं ते बघून जीव कळवळला. पाठ मोडलेली, पानं सुटी, पुठ्ठा उंदरानं कुरतडलेला. आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. शेजारणीनं वाटीभर काही दिलं तर ती वाटी आपण रिकामी परत करत नाही. गूळ टाकू, भुईमुगाच्या शेंगा टाकू, पण काहीतरी घालूनच देतो. मग एवढं पुस्तक तसंच कसं परत करायचं? मी ते कल्याण बाइंडरकडं नेलं. सोसायटीची रजिस्टरं, शाळेची दप्तरं तोच बांधतो.

"काका, बिलकुल फिकर करू नका," कल्याण म्हणाला. "नवरीवानी सजवून देतो."

आणि दिलंच की. लाल कापड, वर सोनेरी अक्षरं, आणि कडा अशा गुळगुळीत की गाल घासावा. मी विचारलं, "कल्याण, हे एवढं गुळगुळीत कसं काय केलं?"

"कटिंग मारलं. कडा लई खडबडीत व्हत्या, वर कुणी काय काय खरडलं व्हतं. बोटभर उडवून टाकलं. आता कसं कोरं दिसायलंय!"

दादा, मी तिथंच स्टुलावर बसलो. पान उघडलं तर प्रत्येक टीप अर्ध्यात तुटलेली. अर्धी अक्षरं पुस्तकात, अर्धी कल्याणच्या मशिनीखाली. "ते कुठंय?" मी विचारलं. "काय?" "उडवलेलं!" "पोत्यात," तो म्हणाला, "भंगारवाला उद्या येणार हाय." मी ते पोतं डोक्यावर घेतलं आणि भर बाजारातून घरी आलो. दोघांनी विचारलं, पुंजाराम, सरकी का? मी म्हणालो, हो, सरकी.

पोत्यात सगळ्या गावाच्या कडा. शाळेच्या हजेरीच्या, दूध डेअरीच्या, कुणाच्या जमिनीच्या फायलीच्या. प्रभावती आणि मी बाजेवर चादर अंथरून निवडायला बसलो, डाळीतले खडे निवडावे तसे. ती म्हणाली, "तुमाला शिकायचं व्हतं, मी कायला शिकू राह्यले?" दोन दिवसांत जुन्या पिवळ्या पट्ट्या एकीकडं लागल्या आणि मला एवढा घाम आला की तिला माझी दया आली. तिनं उठून पंखा लावला.

त्यानंतर घरात काय झालं ते लिहीत नाही. छपराच्या वाशांत उडून बसलेली शेवटची पट्टी परवा उतरवली. शहाण्णवातल्या एक्क्याऐंशी सापडल्या आहेत.

त्याच आठवड्यात लायब्ररीचा मेल आला, "आपल्याकडील पुस्तकाबाबत". मी चार दिवस उघडला नाही. फोन गव्हाच्या कोठीवर पालथा ठेवला. मनात एकच चित्र, की कॉलेजची जीप येणार, नाव कमी होणार, आणि गावात सांगणार की म्हाताऱ्यानं सरकारी पुस्तक कापलं. चौथ्या दिवशी प्रभावतीच म्हणाली, "न उघडून मेल मरतो का?" मग उघडला. अठ्ठावीस तारखेला समिती पुस्तकांची मोजणी करणार आहे, दुर्मिळ पुस्तकं एकेक करून टेबलावर ठेवायची आहेत, तोवर पाठवावं. खाली शीतल मॅडमनं लिहिलं होतं, "तुम्ही जपलं असणारच, मला खात्री आहे."

जीप परवडली असती, दादा. ह्या ओळीनं मला झोपवलं.

खिडकीत कबुली लिहायला बसलो. आधी पुन्हा त्यांच्या आईवडिलांची चौकशी केली (तोंडातून, म्हणजे बोटातून, दुसरं येईचना) आणि खिडकी बंद झाली. शेवटी फोन लावला आणि जे झालं ते एका दमात सांगितलं. मग ती म्हणाली, "काका, पट्ट्या आहेत ना? एकही फेकू नका." पट्ट्या आपापल्या पानांना जुळवून, टिपा वाचून, त्यांची नक्कल करून पुस्तकासोबत पाठवली, तर ती समितीपुढं म्हणू शकेल की नुकसान झालं पण मजकूर वाचला. नाही तर पुस्तक गेलं असं धरतील. आणि सही तिची आहे. माझ्या एम. ए.चं काय, हे तिनं काढलं नाही आणि मी विचारलं नाही. तिची नोकरी लागून अजून वर्ष झालेलं नाही, हे मात्र मला माहीत आहे.

असो. हे सगळं आपलं सहज कळवलं. सुखदुःख आपल्या माणसाला नाही सांगायचं तर कुणाला? माझी काही अपेक्षा नाही. तुम्ही गुडघ्याला जपा, थंडीत बाहेर पडू नका.

तुमचा धाकटा भाऊ,
पुंजाराम

ता. क. – थंडीत बाहेर पडू नका, हे वर चुकून लिहिलं. पडा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही अठ्ठावीस वर्षं जुन्या उर्दू नोंदी वाचत होता. आपल्या सगळ्या भावकीत तेवढे एक तुम्हीच. आणि पायलच्या लग्नात, भर पंगतीत, मी तुम्हाला म्हणालो होतो, "दादा, तुमची उर्दू आता कोण इचारतं? समदं मोबाईलमधी आलंय." लोक हसले, तुम्ही हातातला लाडू पत्रावळीत ठेवून उठून गेल्ता. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी तुमची खुशाली शालूकडून घेतो आणि तुम्ही माझी घेत नाही. ह्या आठवड्यात मोबाईलला एक टीप दाखवून पाहिली. त्यानं वाचलं, "कबुतर तीन, मामा आजारी." तर दादा, माझं चुकलं. लाडवासकट चुकलं. भिंग घेऊन या, आठ दिवसांच्या बेतानं या. तीर्थपुरीहून जालन्यापर्यंतची गाडी धरा, पुढं स्टँडवर मी उभा असेन. गुडघ्याला शेक प्रभावती देईल. तिच्याशी तुमचं भांडण नाही.

ता. क. दुसरा – एक पट्टी मात्र मी एकट्यानं जुळवली, कापलेल्या रेषेला रेष लावून. ती आपल्या जुन्या वस्तीजवळच्या विहिरीच्या पानाची आहे. छापील रकान्यात लिहिलंय, "सार्वजनिक, सर्वांस खुली." तुमच्या-माझ्या आजोबांनी ह्याच विहिरीवर घागर खाली ठेवून वाट पाहिलेली आहे, हे आपल्याला घरात सांगितलेलं. त्या रकान्याच्या बाजूला पेशकारानं सहा-सात शब्द लिहिलेत, आणि शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्यात. त्यानं छापलेलं खोटं ठरवलं असेल, की खरं म्हणून त्यावर शिक्का मारला असेल? कॉलेजची भीती आता राहिली नाही, दादा, ह्या दोन रेघांची आहे. पट्टी भिंतीवरच्या डॉ. बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवली आहे, मी ती दुसऱ्या कुणाला दाखवलेली नाही. तुम्ही वाचाल ते जसंच्या तसं सांगा, माझं वय बघून मऊ करू नका. येता की नाही, एवढं दोन ओळींत तरी जल्दी लिहा.