टाचेचा ताल

सॅक्रामेंटो,
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय व्हर्ना आत्या,

गुडघा कसा आहे? सूज उतरली का? मी मजेत आहे. बँडचं जोरात चाललंय. स्टेजवर जुन्या गुंडांच्या सिनेमाचं सोंग : रुंद खांद्यांचे कोट, पिसं खोचलेल्या टोप्या, खोटी पिस्तुलं. मध्येच कोणीतरी गोळी लागून मरतो आणि ट्रम्पेट वाजला की उठून नाचायला लागतो. लोकांना हेच हवंय. आम्ही बारच्या कोपऱ्यात वाजवायचो तेव्हा तू म्हणायचीस, "क्लाइड, नाटकं हवी तेवढी कर, पण नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजव."

तुझे नाचाचे बूट आमच्या गाडीत राहिलेत. आमचा ड्रमवाला लेस्टर आणून देईल.

शनिवारचं लिहायचं टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

ऑर्विल काका गेल्यापासून तू नाचली नव्हतीस. शनिवारी आमच्या कार्यक्रमात नाच, असा हट्ट मीच धरला. जुन्या नाचघरांतल्या रिवाजाप्रमाणे तू स्टेजसमोर उभी राहून टाचेने ताल दिलास, संथ आणि डौलदार; बँडने त्याच लयीत वाजवायचं असतं. लेस्टर म्हणाला, "अरे, आत्या ताल देतायत, दिसत नाही का?"

"टीव्हीवाले बसलेत. पळव," मी म्हटलं, आणि गाणं भरधाव सुरू केलं.

तू दोन पावलं टाकलीस, अडखळलीस आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस. लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. ते हसले. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण मी माइकवर म्हणालो, "माफ करा मंडळी, हिची वॉरंटी संपलीय!"

काय हशा पिकला! आणि मला आनंद झाला, आत्या. सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. गाणं संपलं तेव्हा तुझे बूट तिथेच पडले होते. तू अनवाणी निघून गेली होतीस.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. टीव्हीवाल्यांना नेमका तोच प्रसंग हवाय, शुक्रवारी. मी हो म्हणून बसलोय. तुझ्यासारखाच निळा झगा घालून एक नटी तुझं काम करणार आहे. शनिवारची टेप बघून तिने आज तालमीत विचारलं, "ही बाई सुरुवातीला टाच का आपटते?"

"ते सोडून दे. उगाच वेळ जातो," मी म्हटलं.

लेस्टरने काठ्या खाली ठेवल्या. "आत्यांना तोंड कसं दाखवणार आहेस?" एवढंच बोलला आणि बाहेर निघून गेला.

अजूनही नको म्हणता येईल. फोन समोर टेबलावरच आहे. एवढं पत्र लिहून झालं, तरी हात तिकडे जात नाही. म्हणून एवढंच ऐक : शुक्रवारी टीव्ही लावू नकोस.

तुला आत्या म्हणायचीही लायकी न उरलेला,
क्लाइड